गुलाबी फ्रॉकची रांग

गोवंडी स्टेशनबाहेरच्या दुकानात सुलक्षणा पावडरचा डबा घेत होती, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, ती डम्पिंगच्या बाजूची वस्ती आहे ना, तिकडे कसं जायचं?"

तिने वळून पाहिलं. पंचविशीतला मुलगा. उन्हाने रापलेला चेहरा, कुरळे केस, विचारण्यात एक सहज मोकळेपणा... आणि खांद्याला चामड्याची बॅग. बॅगेतून बाहेर लोंबणारा पट्टा तिने ओळखला. कॅमेरा होता.

त्या भागात कॅमेऱ्याचा अर्थ एकच. मागच्या महिन्यात नाल्यापलीकडच्या झोपड्यांचे असेच फोटो काढून नेले होते. थोडे दिवस सगळं शांत होतं, मग तोडायला गाडी आली.

"कशाला जायचंय?" तिने विचारलं.

"फोटो काढायचेत थोडे."

सुलक्षणाचा आवाज एकदम मधासारखा गोड झाला. "ह्या रस्त्याने सरळ जा. मोठी भिंत लागेल. भिंतीच्या कडेकडेने चालत राहायचं. भिंत सोडायची नाही हं."

ती भिंत देवनारच्या कत्तलखान्याची होती, आणि वस्ती बरोबर उलट्या दिशेला. तो मात्र मनापासून हसला. "थँक्यू. इथली माणसं चांगली आहेत." असं म्हणून तो निघालासुद्धा. ते हसू बघून तिला क्षणभर वाईट वाटलं... क्षणभरच. मग ती डबा छातीशी धरून वस्तीकडे जवळजवळ पळत सुटली.

काळजी करणं हा सुलक्षणाचा मूळचाच स्वभाव. चुलीवर भात ठेवला की तो करपणारच, असं तिला आधीपासून वाटायचं. पण त्या वर्षी काळजीला कारणंही भरपूर होती. घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीत तिचे बाबा, गुणाजी, दिवसभर खिडकीशी बसून असत. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नव्हती. घर चालत होतं ते सुलक्षणाच्या बालवाडीच्या पगारावर, आणि बालवाडी आता एका धाग्यावर लोंबकळत होती.

बालवाडी म्हणजे एका संस्थेने उभारलेली पत्र्याची शेड. वस्तीतल्या बायका डम्पिंगच्या कचऱ्याच्या डोंगरावर काच, कागद, पत्रा वेचायला जात, आणि शेड व्हायच्या आधी पोरंही त्यांच्याबरोबर त्या धुरात अनवाणी फिरत. आता ती दुपारपर्यंत शेडमध्ये बसत, गाणी म्हणत, उसळ खात. ह्याला मदत यायची परदेशातून. तिकडच्या लोकांना प्रत्येक मुलाचा फोटो लागे. फोटो बघून तिकडचं एकेक कुटुंब एकेका मुलाचा भार उचलणार होतं. तसं झालं नाही, तर दिवाळीनंतर शेडला कुलूप.

आज फोटोचा दिवस होता. संस्थेच्या क्षमाताईंनी सांगितलं होतं, फोटो काढायला नाईककाका येतील, म्हातारे आहेत, हातात छत्री असते.

शेडमध्ये वेगळीच धांदल उडाली होती. सरूबाईला डम्पिंगवर एका गाठोड्यात एक फ्रॉक सापडला होता. गुलाबी, फुग्यांच्या बाह्यांचा, कुणाच्यातरी वाढदिवसाचा, एखाद्याच वेळी घातलेला. तिने तो पुन्हापुन्हा धुतला, तांब्यात निखारे घालून इस्त्री केला. आणि सगळ्या आयांनी मिळून ठरवलं, की फोटो परदेशात जाणार म्हणजे वस्तीची इभ्रत जाणार, तेव्हा प्रत्येक पोरीने आळीपाळीने हा फ्रॉक घालायचा. मुलग्यांसाठी एक निळा शर्ट मिळवला होता. बाबू नावाच्या पोराने मात्र शर्टाला हातही लावला नाही, त्यालाही गुलाबीच हवा होता. सुलक्षणाला ही कल्पना झकास वाटली. पावडर तर तिने स्वतःच्या पैशाने आणली होती. ह्यात काही चूक आहे, हे एकीच्याही मनात आलं नाही.

पोरं न्हाऊन, पावडर फासून बसली. नाईककाका काही येईनात. ऊन कलायला लागलं. "येतील ना हो बाई?" सरूबाईने विचारलं. "येतील," सुलक्षणा म्हणाली आणि दारात जाऊन उभी राहिली. परत आत आली, परत दारात गेली. पोरांच्या कपाळावरच्या पावडरीतून घामाचे ओघळ निघाले होते.

शेवटी दारात कुणीतरी आलं. हातात छत्री नव्हती, चपला होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल. आणि खांद्याला ती चामड्याची बॅग.

"संस्थेची बालवाडी हीच का? नाईककाका तापाने आजारी आहेत. मी हरेश्वर, त्यांच्या अंधेरीच्या स्टुडिओत असतो." मग त्याची नजर सुलक्षणाकडे गेली, तिच्या हातातल्या पावडरच्या डब्याकडे गेली, आणि तो अगदी शांतपणे म्हणाला, "भिंत सोडली नाही मी. तुम्ही बजावलं होतंत ना. पूर्ण चक्कर मारली... बकऱ्यांशी चांगली ओळख झाली."

सुलक्षणाचे कान तापले. "मला वाटलं, तुम्ही सर्व्हेवाले."

"आणि असतो तर?"

"तर अजून लांब पाठवलं असतं."

तो मोठ्याने हसला. त्याबरोबर सगळी पोरं हसली, कारण नसताना.

पांढरी चादर टांगली गेली. एकेक पोर चादरीपुढे उभं राहायचं, टिक आवाज व्हायचा, की सुलक्षणा फ्रॉक त्याच्या डोक्यावरून ओढून पुढच्याच्या अंगात घालायची. लहानग्यांना तो ढगळ व्हायचा, म्हणून पाठीमागे सेफ्टी पिना. पिना तिने ओठांत धरल्या होत्या.

"तुम्ही काहीच बोलत नाही," हरेश्वर म्हणाला.

तिने ओठांकडे बोट दाखवलं.

"मग बरंय. निदान पत्ता तरी सांगता येणार नाही."

पिना गिळायच्या बाकी राहिल्या. संस्थेच्या कामाच्या कॅमेऱ्यातला रोल तो जपून वापरत होता, पण त्याच्या गळ्यात आणखी एक जुनाट कॅमेरा होता. मधूनमधून तो त्याचाही टिक आवाज करी.

"त्यात काय काढताय?" तिने एकदा पिना हातात घेऊन विचारलं.

"काही नाही... उजेड बघतोय."

जाताना त्याने सगळ्या पोरांना टाटा केला आणि तिला म्हणाला, "स्टेशनचा रस्ता विचारत नाही. माझा मी शोधतो." ती हसली नाही. पण तो वळल्यावर बराच वेळ दारात उभी राहिली, आणि सरूबाईने ते पाहिलं.

पुढच्या आठवड्यात क्षमाताई आल्या त्या फोटोंचं पाकीट घेऊनच. चेहरा उतरलेला. त्यांनी फोटो सतरंजीवर ओळीने मांडले, आणि तेव्हा कुठे सुलक्षणाच्या लक्षात आलं. मुलग्यांच्या अंगात तो एकच निळा शर्ट, आणि बाकी सगळ्या फोटोंत एकच फ्रॉक. तीच फुग्याची बाही, तीच झालर. वर नुसती तोंडं बदलत गेली होती, त्यात बाबूचंही.

"ऑफिसात म्हणाले, ही फसवणूक आहे," क्षमाताई म्हणाल्या. "एकीकडे म्हणतात, पोरं गरीब दिसतच नाहीत. दुसरीकडे म्हणतात, खरंच इतकी पोरं आहेत का, की एकदोन पोरांना पुन्हापुन्हा उभं केलंय? गुरुवारी तिकडच्या बाई स्वतः येतायत, अंधेरीच्या ऑफिसात. तोपर्यंत नवे फोटो हवेत. पावडर नाही, काजळ नाही. डम्पिंगवरून आल्यावर असतात तशी पोरं."

"आणि नाही दिले तर?"

"तर सुलक्षणा, माझ्या हातात काही राहत नाही गं."

त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. शेड बंद झाली की सरूबाईची लेक वनमाला पुन्हा काचांमधून फिरणार. घरी बाबांना काय सांगायचं? आणि ह्या सगळ्यात एक वेडी धाकधूक वेगळीच, ती मात्र कुणाला सांगण्यासारखी नव्हती. फोटो पुन्हा काढायचे म्हणजे तो पुन्हा येणार...

तो मंगळवारी आला. पोरं तशीच होती, नाकं वाहणारी, केसांत राख. हरेश्वरने कॅमेरा डोळ्याला लावला. समोर वनमाला होती. तिला फ्रॉक नाही म्हणून ती रुसली होती, ओठ काढून बसली होती. फोटो ऑफिसला हवा तसा आला असता.

तेवढ्यात सरूबाईने येऊन पोरीला उचललं.

"बाई, तुमच्यावर राग नाय माझा," ती सुलक्षणाला म्हणाली. "पण माझी लेक मी अशी दाखवणार नाय. त्यांनी बघून हळहळायचं, मग आमाला द्यायचं. आमी वेचून खातो, मागून नाय खात."

तिच्यामागे एकेक बाई उठली. शेड रिकामी झाली. हरेश्वरने कॅमेरा बॅगेत ठेवला.

"तुम्ही काढायचा होता पटकन," ती म्हणाली. "सरूबाई यायच्या आत."

"नाही काढवला."

"तुम्हाला काय जातंय? तुम्ही अंधेरीला जाल. इथे कुलूप लागेल... मी ह्या पोरांना काय सांगू?"

तो उकिडवा बसून चपलेचा अंगठा नीट करत राहिला. मग म्हणाला, "माझ्याकडे एक रोल आहे. त्या दिवशीचा. धुतला नाहीये अजून. त्याचा कदाचित उपयोग होईल."

"मग आधी का नाही बोललात?"

"कारण तो बघितलात, तर तुम्ही परत माझ्याशी बोलाल की नाही, माहीत नाही." तो उठला. "उद्या आणतो."

बुधवारी तो आला नाही. सुलक्षणाने शेडच्या दारात अख्खी दुपार काढली. घरी आली तर बाबांनी विचारलं, "काय झाला गो?" ती म्हणाली, "काही नाही," आणि खरोखरच भात करपवला.

गुरुवारी सकाळी तिने घाटकोपरहून अंधेरीची बस पकडली. दुपारी त्या बाई येणार होत्या. वाटेत साकीनाक्याला बस अडकली, आणि तिला वाटलं की आता सगळ्याची वाट लागली. फोटो नसतील. रोल खराब झाला असेल. किंवा तो नुसता बोलायचं म्हणून बोलला असेल, आणि तेच सगळ्यात वाईट असेल... स्टुडिओ सापडला तेव्हा तिचा पदर घामाने चिंब झाला होता.

हरेश्वर काउंटरमागे उभा होता, रात्रभर जागल्यासारखा.

"काल का नाही आलास?" ती म्हणाली.

म्हणाली, आणि तिनेच जीभ चावली. 'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"आलो होतो," तो हळूच म्हणाला. "कुर्ल्यापर्यंत. मग परत फिरलो."

"का?"

त्याने आतल्या खोलीचा काळा पडदा बाजूला केला. दोरीवर चिमटे लावून फोटो वाळत घातले होते. सुलक्षणा पुढे झाली.

पहिल्या फोटोत उघडीवाघडी पोरं रांगेत उभी होती. तोंडं पावडरीने पांढरी, अंगावर नुसत्या चड्ड्या. एका पोरीच्या डोक्यावरून फ्रॉक अर्धा निघालेला, तिचे हात वर, आणि तिच्यामागची आपला नंबर आला म्हणून आधीच हात वर करून तयार. दुसऱ्या फोटोत बाबू फ्रॉक घालून मिरवत होता. तिसऱ्यात सरूबाई तोंडावर पदर धरून हसत होती. सगळं खरं होतं. गरिबी होती, ती लपलेली नव्हती, आणि तरी एकही पोर बिचारं दिसत नव्हतं.

आणि प्रत्येक फोटोत ती स्वतः होती. ओठांत पिना धरलेली. केसांची बट कानामागे टाकणारी. वाकलेली. चिडलेली. पुन्हा वाकलेली. घरातला आरसा हातभरसुद्धा नव्हता. स्वतःला इतका वेळ तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"ह्या सगळ्यात मीच आहे," ती म्हणाली.

"पोरं आहेत ना."

"कडेला."

"...हो. मधे तू होतीस."

"उजेड बघत होतास ना?"

"बघतच होतो." त्याने मान खाली घातली. "तो तुझ्यावरच पडत होता, मी काय करू?"

बाहेर रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. इथे दोरीवरच्या फोटोतून पाण्याचा एक थेंब खाली पडला, तोही ऐकू आला.

"म्हणून परत फिरलो," तो म्हणाला. "हे टेबलावर मांडले की शेंबड्या पोरालाही कळेल."

"काय कळेल?"

"की मला तू आवडतेस. फार आवडतेस. त्या भिंतीपासून..." तो थांबला. "तू नको म्हणालीस, तर मी एकही बाहेर काढणार नाही. लोक बोलतील. तुझ्या घरी कळेल. मी वेसाव्याचा कोळी, आई मच्छी विकते. तुझे बाबा काय म्हणतील, तेही मला माहीत नाही."

ते तिलाही माहीत नव्हतं. तिला भीती वाटत होती, नेहमीपेक्षा जास्त. पण त्या भीतीत आज पहिल्यांदाच एक सुख मिसळलं होतं, आणि ते तिला सोडवत नव्हतं. तिने हात वर करून पहिला चिमटा काढला. मग दुसरा.

"हे पोरांसाठी दाखवायचेत," ती म्हणाली. आणि सगळे फोटो हातात आल्यावर, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आणि कळलं तर कळू दे."

दुपारी संस्थेच्या ऑफिसात आलेल्या पाहुण्या बाई पांढऱ्या केसांच्या होत्या, उकाड्याने चेहरा लाल झालेला. त्यांनी रांगेचा फोटो उचलला आणि खूप वेळ धरून ठेवला. मग काहीतरी विचारलं.

"म्हणतायत, हा तोच फ्रॉक का? आणि त्या आयांच्या मनात होतं तरी काय?" क्षमाताईंनी सांगितलं.

सुलक्षणाने सगळं सांगितलं. गाठोडं, निखाऱ्यांची इस्त्री, वस्तीची इभ्रत. शेवटी तिच्या तोंडून निघून गेलं, "त्यांना विचारा ताई, तुमच्याकडे फोटो काढताना पोराचं नाक पुसत नाहीत का?"

क्षमाताई जरा घुटमळल्या, पण शब्दही न गाळता त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कळवते" एवढंच म्हणाल्या. रांगेचा फोटो मात्र त्यांनी परत दिला नाही.

बाई गेल्यावर क्षमाताईंनी उरलेले फोटो गोळा केले आणि चष्म्यावरून सुलक्षणाकडे पाहिलं. "फोटोग्राफर चांगला आहे. फक्त पोरं सगळी कडेला जातात त्याची."

"अँगल तसा होता, ताई."

"हो का? बरं. अँगल."

निरोप यायला वेळ लागला. ते दिवस सुलक्षणाने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. हरेश्वर काहीतरी निमित्त काढून येई, शेडच्या पायरीवर बसे आणि म्हणे, "होईल गं." ती म्हणे, "तुला काय माहीत?" तो म्हणे, "काही नाही माहीत. पण तू एकटी काळजी करू नकोस, मी पण करतो." मग दोघं मिळून काळजी करत. ती निम्मी होत नसे, पण सोबत व्हायची.

दिवाळीच्या तोंडावर क्षमाताई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "कुलूप आणू नका." सगळ्या पोरांना भार उचलणारी कुटुंबं मिळाली होती. बाबूला तर दोन कुटुंबं मागत होती. सुलक्षणाचा जीव भांड्यात पडला. ती सरूबाईच्या गळ्यात पडून रडली.

फोटोंतला एक तिने स्वतःसाठी ठेवला होता, साडीच्या घडीत. तो बाबांना सापडला. खिडकीच्या उजेडात त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"फोटो कोणी काढल्यान?"

तिने सांगितलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं. बाबांनी फोटो तिच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. जेवून सरळ आडवे झाले. तिने पुन्हा एकदा जगातल्या सगळ्या वाईट गोष्टी मनात मोजून काढल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझ्या आयेनंतर तुका असा कोणी निरखून बघला नसात... येवंदेत. रविवारी येवंदेत त्येका."

"पत्ता सांग," हरेश्वर म्हणाला. "आई पण येतेय. नीट सांग, तिचे गुडघे दुखतात."

तिने सांगितला. घाटकोपरला उतरायचं, बाजारातून टेकडीकडे वळायचं, नळापाशी उजवीकडे. त्याने तोच तिच्याकडून दोनदा वदवून घेतला.

रविवारी सकाळी तिने घर सारवल्यासारखं पुसलं, पोह्यांची तयारी केली, बाबांना स्वच्छ सदरा दिला. मग तिला वाटलं, नळापाशी उजवीकडे म्हणाले, की डावीकडे? बाजारात ते चुकीच्या गल्लीत शिरले तर? चुकून भिंत लागली तर? बाबा पुढे काय बोलणार, ह्याचीही काळजी होतीच, पण ती तिच्या हातात नव्हती. रस्ता हातात होता. ती पायात चपला सरकवून सरळ स्टेशनपर्यंत उतरली.

तो जिन्यावरून येताना दिसला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात जुना कॅमेरा. शेजारी केसांत अबोलीची वेणी घातलेली त्याची आई, सोनूबाई, हातात केळीच्या पानात बांधलेले पापलेट.

सोनूबाईने तिला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हीच काय रं ती, तुला भिंतीभोवती फिरवणारी?"

सुलक्षणाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण सोनूबाईच्या डोळ्यांच्या कडा हसत होत्या. सुलक्षणाने वाकून नमस्कार केला आणि पापलेटचं पुडकं आपल्या हातात घेतलं.

"अगं, पत्ता दिला होतास ना?" हरेश्वर म्हणाला. "मग इथवर कशाला आलीस?"

"दिला होता." ती पुढे चालायला लागली. मग थांबली, मागे वळून त्याच्यासाठी थांबली. "पण आता पत्ता सांगून मी घरी बसणार नाही. चल. मी बरोबर येते."